आधी माणसे जोडा, मग तारा

हल्ली आपल्या खेड्यांतून सोलरची चर्चा बरीच ऐकू येते. कुणी पंपासाठी अर्ज भरला आहे, कुणाची माळावरची पडीक जमीन भाड्याने मागायला माणूस येऊन गेला आहे, तर कुणाच्या छपरावर प्लेटा बसल्याही आहेत. ही चर्चा चांगली आहे. मात्र तिच्यात एक उणीव आम्हांस दिसते. जो तो आपापल्यापुरता विचार करतो आहे. दूध आपण डेअरीत घालतो, पीककर्ज सोसायटीतून काढतो, खतही सोसायटीच्या गोदामातून आणतो. मग आपल्या शेतावर पडणारे ऊन तेवढे एकेकट्याने का वापरावे?

आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. ऊन आणि शेण या आपल्या घरच्याच दोन गोष्टी. त्यांपासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या लहान लहान सहकारी संस्था आपल्या भागात निघाव्यात. परंतु संस्था आधी उभी राहावी आणि यंत्र मागाहून यावे. हा क्रम उलटा झाला की काय होते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. त्यांतले बरे व वाईट दोन्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सहकार आपल्याला नवा नाही

सहकार ही बाहेरून आलेली नवलाई आहे असे कुणी समजू नये. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, 1905 साली, आपल्या शेजारच्या गदग भागातील कणगिनहाळ या खेड्यात शेतकऱ्यांनी सहकारी पतसंस्था काढली. देशातील अगदी पहिल्या संस्थांत तिची गणना होते. ख्रिस्ती समाजही यात मागे नव्हता. छोटा नागपुरात येशूसंघीय फादर हॉफमन यांनी 1909 साली आदिवासी शेतकऱ्यांसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था सुरू केली, कारण सावकाराच्या पाशात लोकांच्या जमिनी जात होत्या. वसईत 1918 साली निघालेल्या कॅथॉलिक पतसंस्थेची पुढे मोठी बँक झाली. या लोकांजवळ आरंभी पैसा नव्हता. एकमेकांवरचा विश्वास होता आणि हिशेब लिहिण्याची शिस्त होती.

वीज आणि सहकार यांचे नातेही जुने आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच 1969 साली हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्था स्थापन झाली. आज अर्ध्या शतकाहून अधिक काळ ती त्या तालुक्यात वीज वाटीत आहे. त्याच सुमारास अहमदनगर जिल्ह्यात श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा वीज संस्था निघाली. तिची कहाणी वेगळी झाली. ग्राहकांकडची वसुली व वीज मंडळाचे देणे यांचा मेळ बसेना, थकबाकी वर्षानुवर्षे फुगत गेली आणि 2011 साली वीजवाटपाचे काम तिच्या हातून गेले. खांब, तारा व ट्रान्सफॉर्मर दोन्हींकडे सारखेच होते. वीजसंस्थेचा प्राण वसुलीत असतो, एवढा धडा यातून घ्यावा.

या दोन्ही संस्था वीज बाहेरून घेऊन गावात वाटणाऱ्या. आता गोष्ट बदलली आहे ती अशी की वीज आपल्याच बांधावर तयार होऊ शकते.

ढुंडीचे सहा शेतकरी

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तेथील सहा शेतकरी पूर्वी डिझेलच्या इंजिनावर पाणी उपसत. 2016 साली त्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी नोंदविली. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेने त्यांना मार्गदर्शन व बराचसा पैसा दिला. सभासदांनीही आपला हिस्सा घातला. सहा जणांच्या प्लेटांची मिळून क्षमता 56.4 किलोवॅट होती. पंपाला लागेल तेवढी वीज वापरावी आणि उरलेली सर्वांची मिळून एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकावी, अशी योजना होती. कंपनीने युनिटला 4 रुपये 63 पैसे या दराने 25 वर्षांचा करार केला. शिवाय स्वच्छ वीज केल्याबद्दल व भूजल राखल्याबद्दल जलसंस्थेने युनिटमागे आणखी अडीच रुपये प्रोत्साहन म्हणून दिले. या बदल्यात सभासदांनी एक गोष्ट सोडली. करार असेतोवर सवलतीच्या वीजजोडणीसाठी अर्ज करणार नाही, असे त्यांनी मान्य केले. पुढे आणखी तीन शेतकरी आत आले व त्यांनी पहिल्यांपेक्षा अधिक पैसा घातला. चालू असलेले काम डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस खिशात हात घालतो, हे खरे.

यातील मर्म नीट समजून घ्यावे. आपल्याकडे एक किलोवॅटच्या प्लेटा वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट वीज देतात. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे पाच किलोवॅटच्या प्लेटा लागतात, म्हणजे चांगल्या उन्हात वीसएक युनिट. परंतु पंप काही वर्षभर चालत नाही. समजा वर्षातले दोनशे दिवस तो बंद राहिला आणि ढगाळ दिवस जमेस धरून रोजची पंधराच युनिटे मोजली, तरी तीन हजार युनिटे वाया गेली. युनिटला तीन रुपये धरले तर नऊ हजार रुपयांचे ऊन बांधावर सांडले. एकट्याच्या पंपाचे असे होते. आणि दुसरा धोका याहून मोठा आहे. सोलर पंपाला चालवण्याचा खर्च नसतो, म्हणून माणूस गरज नसताना पाणी उपसत बसतो. आज बोअर चारशे-पाचशे फूट खाली गेल्या आहेत. उरलेली वीज विकून चार पैसे मिळू लागले की विनाकारण पंप चालवण्याचा मोह कमी होतो. विजेचे पीक काढणाऱ्याला पाण्याची किंमत कळते.

सहा जणांची वीज एका मीटरमधून गेली की कंपनीला एकच तार, एकच करार व एकच हिशेब पुरतो. सहा वेगळे शेतकरी सहा वेळा कचेरीचे उंबरठे झिजवतात; संस्थेचा एक सचिव तेच काम करतो.

शेण मोजून घ्या

ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांच्यासाठी गोबरगॅस हा दुसरा मार्ग. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते व त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. घरी दोनच जनावरे असतील तर एवढे शेण निघत नाही. म्हणूनच येथे चार घरांनी एकत्र येण्याला अर्थ आहे. चुलीच्या धुराने आपल्या आया-बहिणींचे डोळे व छाती किती बिघडते, हे या पानावर निराळे सांगावयास नको. आणि गॅस काढून घेतल्यावर जी मळी उरते ती खत म्हणून शेतालाच परत जाते.

गुजरातेतच सिद्धपूर तालुक्यात मेथाण गावी 1987 साली गोबरगॅसची सहकारी संस्था निघाली. आठ मोठी संयंत्रे बांधून शेकडो घरांना नळाने गॅस पुरवण्यात आला. दूध जसे डेअरीत मोजून घालावे तसे शेण मोजून घालावयाचे, ही तेथली पद्धत.

आपल्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पुरा या लहान गावाचा अनुभव आणखी बोलका आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी तेथे काम करीत होते. प्रथम सर्व घरांना स्वयंपाकाचा गॅस द्यावा असा बेत होता. शेण तेवढे जमेना, गॅस पुरेना, आणि योजना फसली. मग लोकांशी पुन्हा बोलणे झाले. गावाला सर्वांत आधी हवे होते पिण्याचे पाणी व घरात दिवा. 1987 पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून बोअरचे पाणी व दिवे सुरू झाले. शेण आणणाऱ्याला किलोमागे पैसे मिळत, आणि मळी ज्याच्या त्याच्या शेणाच्या प्रमाणात परत दिली जाई. ही व्यवस्था गावाने अनेक वर्षे चालविली. तज्ज्ञ कितीही मोठे असोत, गावाला काय हवे ते गावालाच विचारावे लागते. आणि विचारताना स्त्रियांना विसरू नये, कारण पाणी व सरपण त्याच वाहतात.

यंत्र राहिले, संस्था नाही

आता उलट दाखला. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. तेथे 2014 साली 100 किलोवॅटचे सौर वीजकेंद्र मोठ्या थाटाने सुरू झाले. देशभर नाव झाले. थोड्याच काळात सरकारी वीजही गावात आली व ती स्वस्त पडू लागली. सौर विजेचा दर लोकांना जड वाटू लागला, पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलण्याची सोय झाली नाही. काही वर्षांनी त्या केंद्राच्या आवारात गुरे बांधली जात असल्याचे छापून आले. प्लेटांचा यात काहीच दोष नव्हता. सौर प्लेट पंचवीस वर्षे टिकते. इन्व्हर्टर दहाएक वर्षांत बदलावा लागतो. साधी बॅटरी तर चार-पाच वर्षांतच संपते. त्यासाठी पहिल्या दिवसापासून पैसा बाजूला काढणारे कुणी नसेल तर उत्तम यंत्रही भंगारात जाते.

"वीज तर फुकट मिळते!"

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो पोकळ नाही. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना 2008 पासून फुकट वीज आहे. 2023 पासून घरांनाही 200 युनिटांपर्यंत माफी मिळाली. सीमेपलीकडे चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडे राहणाऱ्या आपल्या नातलगांना 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत पंपाचे बिल नाही. मग पदरचे पैसे घालून वीज का करावी?

शेतकरी बंधूंनो, फुकट विजेचे मोल घड्याळात पाहा. थ्री फेज दिवसाचे काही तासच येते, आणि त्यांतले बरेच तास रात्रीचे असतात. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारे धरायला जाणाऱ्याच्या पायाखाली साप येतो, घरची बाई पहाटेपर्यंत जागी राहते. व्होल्टेज पडले की मोटर जळते. टीसी जळाला तर पंधरा-पंधरा दिवस पीक वाळते. त्याचे बिल कुणी माफ करीत नाही. आणि सरकारची सवलत ही तिजोरीवर अवलंबून असते. आज आहे, उद्याचे कुणी सांगावे?

तरीही आक्षेपातला खरा भाग आम्ही मान्य करतो. घरातला दिवा लावण्यासाठी आज आपल्या भागात वीजसंस्था काढण्यात अर्थ नाही. धरनईत तेच घडले. संस्था काढावी ती फुकट वीज जे देत नाही त्यासाठी: दिवसाच्या पाण्यासाठी, डेअरीतले दूध थंड ठेवण्यासाठी, काजू वाळवण्यासाठी, पिठाच्या गिरणीसाठी आणि उरलेली वीज विकून उत्पन्न मिळवण्यासाठी. खानापूरकडच्या पावसात जून ते ऑगस्ट प्लेटा फारसे काम करणार नाहीत, हे खरे. पण त्या महिन्यांत भाताला पंपाचे पाणी कुठे लागते?

2019 साली केंद्राने आणलेल्या कुसुम योजनेत अर्धा ते दोन मेगावॅटचे वीजकेंद्र काढण्यास एकट्या शेतकऱ्याबरोबर शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था व पंचायती यांनाही वाव ठेवला गेला. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. हीच जागा बाहेरचा माणूस भाड्याने मागतो, वीज तो विकतो, आपल्याला भाडे मिळते. पंचवीस वर्षांच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी, आपण दहा जणांनी मिळून हेच का करू नये, एवढा प्रश्न तरी घरात बसून विचारावा. योजनांच्या अटी व दर बदलत असतात. म्हणून जे काय सांगितले जाईल ते वीज कंपनीकडून लेखी घ्यावे.

आरंभ कसा करावा

आमची सूचना अशी की पहिले सहा महिने यंत्राचे नावही काढू नये. वाडीतील दहा कुटुंबांनी एकत्र यावे व पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

1. ज्यांच्या विहिरी वा बोअर जवळजवळ आहेत, शक्यतो एकाच टीसीवरचे, अशांचाच गट करावा. ढुंडीत सहाच होते. चार वाड्या एकदम गोळा केल्या तर सभा होतील, काम होणार नाही.

2. प्रत्येकाने दरमहा ठरलेली रक्कम, शंभर रुपये का होईना, ठरल्या तारखेला भरावी. ज्याला रोख जमत नाही त्याने श्रम द्यावेत व त्यांची मजुरी त्याच्या नावे जमा धरावी. सहा महिन्यांत दहांपैकी नऊ जणांनी सहाही हप्ते वेळेवर भरले तर तो गट संस्था चालवू शकेल. निम्मे थकले तर प्लेटा आल्यावर ते भरतील, ही आशा सोडावी.

3. जमा-खर्च वाडीच्या फलकावर खडूने लिहावा. कपाटातील वहीपेक्षा भिंतीवरचा आकडा अधिक प्रामाणिक राहतो.

4. कोणत्या दिवशी कुणी किती तास पंप चालवला याची नोंद ठेवावी. गोबरगॅसचा विचार असेल तर शेण तराजूत घालून महिनाभर मोजावे. अंदाजावर विसंबू नये.

5. दुरुस्ती निधी निराळ्या खात्यात असावा आणि त्याला कुणीही, अध्यक्षानेही, दुसऱ्या कामासाठी हात लावू नये.

6. घरातील स्त्रीचे नाव सभासद म्हणून असावे आणि तिने सभेला यावे. ज्यांना जमीन नाही त्यांनाही लहान शेअर घेऊन आत घ्यावे. ऊन कुणाच्या सातबाऱ्यावर वा उताऱ्यावर लिहिलेले नाही. डेअरीला थंड दूध, गिरणीला वीज व प्लेटा धुण्याचे काम यांत त्यांचाही वाटा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ही संस्था केवळ आपल्या धर्मग्रामाची असू नये. ज्या टीसीवर डिसोजा आहेत त्याच टीसीवर पाटील आहेत आणि मुल्लाही आहेत. पाणी एकाच पाटातून वाहते. तेव्हा संस्था वाडीची असावी. धर्मगुरूने तिचा अध्यक्ष होऊ नये असेही आमचे मत आहे. आमची बदली होते. शिवाय धर्मगुरूपुढे सभासद मोकळेपणाने हिशेब विचारत नाहीत. सभेला चर्चचे सभागृह द्यावे, कागद वाचून दाखवावेत, भांडण झाले तर समेट घडवावा, एवढे आमचे काम. पक्षाच्या पुढाऱ्यांनाही हाच नियम लावावा: सभासद म्हणून स्वागत, मालक म्हणून नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली लिहिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या विषयाचा प्रत्यक्ष उल्लेख आहे. काही ठिकाणी लोक सहकारी संस्था काढून निसर्गाच्या न संपणाऱ्या साधनांपासून आपल्यापुरती ऊर्जा करतात व उरलेली विकतातही, असे सांगून त्यांनी या लहान प्रयत्नांचे मोल दाखवून दिले. देवाने दिलेले ऊन तो भल्यावर व वाईटावर सारखेच पाडतो, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. ते सारखे वाटून घेण्याची व्यवस्था मात्र माणसांनीच करावयाची असते.

कुणी म्हणेल, सहा महिने थांबलो तर योजनेची तारीख निघून जाईल. जाईल कदाचित, दुसरी येईल. योजना येत-जात राहतात. पण एकदा विश्वासाने जुळलेली आणि भांडणाने फुटलेली वाडी पुन्हा जुळवायला पिढी जाते. ज्या वाडीतील दहा कुटुंबे हा सहा महिन्यांचा प्रयोग करण्यास तयार असतील त्यांनी आपली नावे मिस्सेनंतर सॅक्रिस्तानाजवळ द्यावीत. अन्य धर्मीय शेजाऱ्यांची नावेही त्यांच्या संमतीने घेऊन यावीत. पहिली बैठक सुगी उरकल्यावर, सर्वांना सोयीच्या रविवारी दुपारी घेऊ. येताना वीजजोडणीचा कागद, जमिनीचा उतारा आणि घरातल्या बाईमाणसाला बरोबर आणावे.